दगडांच्या देशातला शेतकरी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कपाशी-ज्वारीचा विषय थोडा बाजूला ठेवून तुम्हाला पार उत्तरेला न्यायचं आहे. नॉर्वे देशात. तिथल्या उत्तर टोकाला हिवाळ्यात दोन दोन महिने सूर्य उगवत नाही. देश महाराष्ट्राहून थोडा मोठा, पण माणसं सगळी मिळून सुमारे ५५ लाख. शंभर एकरांत जेमतेम तीन एकर वहितीखाली. बाकी खडक, जंगल, बर्फ आणि पाणी. आपण आपल्या मुरमाड रानाला नावं ठेवतो. ते रान पाहिलं तर मुरूमही बरा म्हणाल.

आज हा देश श्रीमंत आहे. कुणी म्हणेल, त्यांना तेल सापडलं, त्यात काय विशेष? तेल सापडलं १९६९ साली. पण तेल सापडलेले सगळेच देश सुखी झाले नाहीत. तेव्हा त्याआधी तिथे काय घडलं ते पाहू.

चारशेहून अधिक वर्षं हा देश डेन्मार्कच्या राजाखाली होता. १८१४ साली १७ मे रोजी आयड्सव्हॉल या गावी त्यांनी आपली राज्यघटना केली. पुढे स्वीडनच्या राजाशी जोडून राहावं लागलं ते १९०५पर्यंत, पण घटना त्यांनी सोडली नाही. त्या घटनेत जमीन राखणाऱ्या शेतकऱ्याला मताचा अधिकार मिळाला. त्या काळच्या युरोपात ही मोठी गोष्ट होती. १८३३ साली संसदेत शेतकऱ्यांची संख्या एवढी झाली की लोक तिला शेतकऱ्यांची संसदच म्हणू लागले. बायांना मात्र मतासाठी १९१३ची वाट पाहावी लागली.

घटनेत आणखी एक कलम आहे, वडिलोपार्जित जमिनीच्या हक्काचं. त्याला ते ‘ओदेल’ म्हणतात. शेत विकायला निघालं तर घरातल्या मुलाचा त्यावर पहिला हक्क. शेताचे तुकडे करायचे नाहीत. एकाने घ्यायचं आणि भावंडांचा हिशेब चुकता करायचा. ज्याने घेतलं त्याने तिथे राहायला जायचं आणि जमीन पडीक ठेवायची नाही. पूर्वी हा मान थोरल्या मुलाचा होता. १९७४च्या कायद्याने तो थोरल्या अपत्याचा झाला. आधी मुलगी जन्मली असेल तर शेत मागायचा पहिला हक्क तिचा. मायबहिणींनी हे ध्यानात घ्यावं, आणि पुरुष मंडळींनीसुद्धा.

पण धाकट्यांचं काय? आणि ज्यांना जमीनच नव्हती त्यांचं? ते अमेरिकेला गेले. शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं, आणि १९०० साली देशाची लोकसंख्या होती बावीस लाख. तेव्हा या कायद्याचं कौतुक करताना बोटीत बसून गेलेली ही माणसं विसरून चालणार नाही.

आता भावाची गोष्ट. तिथला शेतकरी किनाऱ्यावर अर्धा कोळीच. हिवाळ्यात लोफोटेन बेटांकडे कॉड मासळीचे थवे येतात. जाळं, मीठ, पीठ सगळं व्यापाऱ्याकडून उधार, आणि मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. १९३८ साली कायदा झाला : समुद्रातून आलेल्या मासळीची पहिली विक्री मच्छीमारांच्या स्वतःच्या विक्रीसंघामार्फतच होईल, आणि किमान भाव तो संघ ठरवील. व्यापाऱ्यांशी बोलणी करायची. जमलं नाही तर संघाने स्वतः भाव जाहीर करायचा. २०१३ साली नवा कायदा आला, पण ही तरतूद तशीच राहिली.

शेतमालाचं वेगळं. १९५०पासून दर वसंतात सरकार आणि शेतकऱ्यांच्या दोन संघटना समोरासमोर बसतात. दूध, धान्य यांचे भाव आणि सरकारी मदत यांवर घासाघीस होते. जमलं तर करार, मोडलं तर संसद ठरवते. २०१२ आणि २०२१ साली ती मोडली आणि शेतकरी रस्त्यावर आला. म्हणजे तिथेही सगळं गोडीगुलाबीने चालतं असं नाही. पण शेतकरी अर्ज घेऊन दारात उभा राहत नाही, टेबलाच्या पलीकडे बसतो.

या व्यवस्थेचा भार कुणावर? गिऱ्हाइकावर आणि कर भरणाऱ्यावर. २०१३ साली परदेशी चीजच्या काही प्रकारांवर २७७ टक्के जकात लावली. त्याआधी २०११च्या नाताळात तर देशातलं लोणीच संपलं! पावसाने वैरण बिघडली, दूध घटलं, मागणी वाढली आणि जकातीच्या भिंतीमुळे बाहेरचं लोणी येईना. लोक सरहद्दीपलीकडून लोणी चोरून आणत होते. आम्हाला हसू आलं, पण भिंत बांधली की आतला माणूसही कोंडतो, हे दिसलं. शिवाय एवढं करूनही शेतं चाळीस हजारांच्या आत आली आहेत आणि जवळपास निम्मी वहिती जमीन खंडाने दिलेली आहे.

तरीही १९७२ आणि १९९४ साली युरोपच्या संघात जायचं का, असं विचारलं तेव्हा देशाने दोन्ही वेळा ‘नाही’ म्हटलं. शेतकरी आणि मच्छीमार त्यात आघाडीवर होते.

तेलाचं थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी कंपन्या तिथले धबधबे विकत घेऊ लागल्या, तेव्हाच त्यांनी कायदा केला होता : वीज काढा, पण मुदत संपली की सगळं फुकट सरकारजमा. तोच विचार पुढे तेलाला लावला. १९९०च्या कायद्याने निधी उभारला. तेलाचा पैसा त्यात ठेवायचा, परदेशात गुंतवायचा आणि साधारण परताव्याएवढाच, म्हणजे आता सुमारे तीन टक्के, वर्षाला खर्चायचा. जगभरच्या बाजारांतल्या शेअरांपैकी सुमारे दीड टक्का आज या निधीकडे आहे. त्यात हिंदुस्थानातल्या कंपन्याही आल्या.

गावात इर्जिक असते ना, तशी तिथे ‘दुग्नाद’ असते. शाळेचं अंगण झाडायचं, रस्ता सारखा करायचा, तर सगळे येतात आणि काम झाल्यावर एकत्र जेवतात. १७ मेला रणगाडे निघत नाहीत, शाळेची पोरं झेंडे घेऊन निघतात.

एक बाजू राहिली. उत्तरेत रेनडियर पाळणारे सामी लोक मूळचे राहतात. त्यांच्या पोरांना शाळेत आपली भाषा बोलू दिली नाही, हे अनेक पिढ्या चाललं. १९८०च्या सुमारास आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध ते उठले, संसदेपुढे उपोषणाला बसले. धरण झालंच, पण १९८९ साली त्यांची स्वतःची संसदही झाली. फोसेन भागात त्यांच्या चराईच्या रानात पवनचक्क्या उभ्या केल्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परवाना बेकायदा, सामींच्या हक्काचा भंग झाला. तरी चक्क्या फिरतच राहिल्या. निकालाला पाचशे दिवस झाले तेव्हा, २०२३च्या फेब्रुवारीत, सामी पोरंपोरी राजधानीत मंत्रालयात जाऊन बसली. त्यानंतर सरकार बोलायला आलं.