झहीर, आमचे अब्बा आणि बारावीचा निकाल
(संस्थेच्या धामापूर येथील पालक मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



पालक मेळाव्यात शिक्षक बोलावयास उभा राहिला की तो टक्क्यांविषयी बोलणार, असे आपण धरूनच चालतो. तेव्हा टक्क्यांपासूनच आरंभ करतो. कोकण विभागीय मंडळाने २०१२ साली पहिली परीक्षा घेतली आणि तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात आपला विभाग राज्यात पहिला येत आहे. २०२५ साली दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण वर्गातली जवळजवळ सर्व मुले पास होतात, तेथे नुसते पास होण्याला घरी किंमत उरत नाही. आणि जो एखादा नापास होतो, त्याला तोंड लपवावयास गावात जागा उरत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. २००७ साली मी स्वतः बारावी विज्ञान शाखेत नापास झालो होतो.

त्याआधी माझ्या दैवताविषयी सांगावयास हवे. २००० सालच्या ऑक्टोबरात नैरोबीला श्रीरामपूरच्या झहीर खानने ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडविला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. श्रीरामपूर म्हणजे त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले उसाच्या पट्ट्यातले गाव. मराठी शाळेत शिकलेला, आपल्यासारख्या घरातला मुलगा भारताकडून खेळतो, एवढे आम्हांला पुरेसे होते. मी उजवा असूनही डाव्या हाताने गोलंदाजी सुरू केली. भातकापणी झाली की मळ्यात खेळ चाले. झहीरसारखी उडी मारून मी चेंडू टाकी आणि तो विकेटकीपर सोडून सर्वांकडे जाई. शेजाऱ्यांची दोन कौले त्या काळात गेली. मित्रांनो, मी चांगला गोलंदाज कधीच नव्हतो. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा भाषणांतला वक्ता बहुधा संधी न मिळालेला मोठा खेळाडू असतो.

अब्बा कुवेतला ड्रायव्हर होते. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर येत. मुलाने इंजिनियर व्हावे, ही त्यांची एकच इच्छा. पलंगाखालची बॅट दिसली की ते म्हणत, "बॅटीन पोट भरतला काय रे?" त्यांचे चुकत होते असे मी आज म्हणणार नाही. पन्नास अंशांच्या उन्हात गाडी चालवणाऱ्या माणसाला मुलाचे पोट सावलीत भरावेसे वाटणारच. पण मला गणित समजत नव्हते, आणि समजत नाही हे घरात सांगण्याची सोय नव्हती. मी "समजते" म्हणत राहिलो. दोन वर्षे म्हणत राहिलो.

निकालाच्या दिवशी मी घरी गेलोच नाही. आपल्या तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. संध्याकाळ झाली, देवळाकडचे लोक घरी गेले, पाणी काळे दिसू लागले. त्या वेळी मनात काय काय येत होते, ते या मुलांसमोर सविस्तर सांगत नाही. मोठ्यांनी ओळखून घ्यावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि त्यांत सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रातले होते. तो आकडा वाचताना मला त्या पायऱ्या आठवल्या. रात्री आठाच्या सुमारास मामू बॅटरी घेऊन शोधत आले. ते निकालाविषयी एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "चल घराक. तुझी अम्मी अजून जेवूक नाय." मी उठलो.

नऊ दिवस अब्बांचा फोन आला नाही. दहाव्या दिवशी आला. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मग त्यांनी विचारले, "तुका काय करूचा हा?" अठरा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच विचारला गेला होता. मी म्हणालो, मला मराठी चांगले येते, मास्तर व्हायचे आहे. ते म्हणाले, "बरा." त्या "बरा"वर मी बी.ए. झालो, बी.एड. झालो आणि आज तुमच्यापुढे उभा आहे.

झहीरही अभियांत्रिकीला होता. त्याचे वडील बख्तियार खान यांनी त्याला सांगितले की देशात इंजिनियर पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो. ही गोष्ट विद्यार्थी मित्रांना तोंडपाठ असते आणि ते ती घरी अब्बांना ऐकवतात. पण तिचा पुढचा भाग कोणी ऐकवत नाही. मुंबईला सुधीर नाईक यांच्या हाताखाली घाम गाळला, चेन्नईच्या वेगवान गोलंदाजांच्या अकादमीत गेला, रणजी खेळावयास बडोदा गाठावे लागले. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. मी आठवीत होतो, त्या रात्री जेवलो नाही. पुढे भारतीय संघातली जागाही गेली. २००६ साली तो इंग्लंडला वूस्टरशायर कौंटीकडून खेळला आणि त्या हंगामात त्याने ७८ बळी घेतले. आपल्याकडे ते सामने कोण पाहत होते? नंतर २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर त्याने अंतिम सामन्याची आपली पहिली तीन षटके निर्धाव टाकली. ती साऱ्या देशाने पाहिली. मित्रांनो, वडिलांची परवानगी मिळाली म्हणजे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते.

आता पालकांशी थोडे बोलतो. गेल्या वर्षी एका मुलाचे प्रगतिपुस्तक पालकांची सही होऊन माझ्याकडे आले. गणितात मी ३४ गुण लिहिले होते, तेथे ८४ झाले होते. तीनाचा आठ मोठ्या काळजीने केला होता, फक्त शाई वेगळी होती. मी मुख्याध्यापकांकडे न जाता त्याच्या घरी गेलो. मुलाच्या खोलीत भिंतीवर मोहम्मद सिराजचे चित्र. वडिलांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, सगळेच सिराज होतात काय?"

प्रश्न रास्त आहे. सगळे होत नाहीत, मीच झालो नाही. पण मी त्यांना विचारले, मुलगा चेंडू कसा टाकतो? त्यांनी पाहिले नव्हते. बरे, गणितात नेमका कोठे अडतो? तेही त्यांना ठाऊक नव्हते. अपूर्णांकांत अडत होता. पाचवीपासून अडत होता. म्हणजे भिंतीवरचा सिराज आणि प्रगतिपुस्तकातले ८४ या दोहोंविषयी त्या घरात रोज वाद चालत होता, आणि प्रत्यक्ष मुलगा कोणी पाहिलाच नव्हता. माझ्या मते बख्तियारभाईंचे मोठेपण त्या वाक्यात नाही, वाक्य कोणीही बोलेल. आपला मुलगा काय करू शकतो हे पाहून ते बोलले, यात आहे. असेच पाहून एखाद्या पित्याने "बाळा, खेळ सोड आणि अभ्यास कर" म्हटले तरी माझी तक्रार नाही.

त्या मुलाला मी दुपारच्या सुट्टीत अपूर्णांक शिकवतो आहे. सध्या ४० च्या पुढे गेला आहे, शाई एकच आहे. गोलंदाजी मात्र माझ्यापेक्षा पुष्कळ बरी करतो.

येत्या शनिवारी दुपारी साडेतीन वाजता शाळेच्या मैदानावर नववी विरुद्ध दहावी असा सामना आहे. पालकांसाठी आम्ही दरवर्षी दहा खुर्च्या मांडतो. गेल्या वर्षी त्यांतल्या दोन भरल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवर आमचे शिपाईमामा बसले होते.