चाकांवरची ओसरी

(मंडळाच्या कोजागिरी संमेलनात भेडाघाट येथे केलेले भाषण)



एकीकडे धुवांधारचा घोष आणि दुसरीकडे आटत असलेल्या दुधाचा दरवळ, अशा स्थितीत वक्त्याचा निभाव लागणे कठीण, हे मी जाणून आहे. त्यातून विषय असा, की चिटणीसांनी तो मला दोनदा विचारून घेतला. मोटारीमागे जोडून न्यावयाचे घर, म्हणजे प्रवासी ट्रेलर, नवे बांधून घेणाऱ्यास नेमके काय हवे असते, हा तो विषय. गेले वर्षभर आमच्या घरात दुसरे बोलणे नाही. त्याला माझा इलाज नाही.

मघाशी आपण चौसष्ट योगिनींच्या मंदिरात गौरीशंकर पाहिले. दोघेही नंदीवर बसून निघालेले, बरोबर सामान काही नाही. आपले तसे जमत नाही.

हौसेखातर चाकांवरचे घर बांधवून घेणाऱ्यांत पहिला मान इंग्लंडातील डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांना देतात. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाची गाडी करवून घेतली. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे, सोबत गाडीवान आणि एक नोकर. हा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि गाडी येत असल्याची वर्दी देई. हौस एकाची, दमछाक चौघांची! आपल्या देशातील गाडिया लोहारांचेही घर गाडीच, पण त्यात हौसेचा भाग नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, ते पुन्हा हौशी प्रवाशांसाठी. आमची गरज या दोहोंच्या मधली.

गावच्या वाटण्या झाल्या आणि घर विकले गेले, हे आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत घडले आहे. मागल्या खेपेस आम्ही गावी गेलो, ग्रामदैवतापुढे नारळ ठेवला, पारावर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या आणि दिवस मावळायच्या आत परत फिरलो. "उतरलात कुठे?" असे एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आग्रह करणारे आहेत. परंतु आपल्याच गावात पाहुणा म्हणून किती रात्री काढाव्यात? परतीच्या वाटेवर सौ. बराच वेळ गप्प होती. सिवनी मागे पडल्यावर म्हणाली, "ओसरी बरोबर नेता आली असती तर?"

जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा, वाहन कारखाना १९६९ चा. आपल्या कितीतरी कुटुंबांची मीठभाकर चाकांवर चालली, माझीही. त्यामुळे ट्रेलरविषयी मला कोणी काही शिकवावे, असे मला वाटत नव्हते.

बांधणाऱ्याने कोरा कागद पुढे केला. चिरंजीवांनी वातानुकूलक लिहिला, सूनबाईंनी बंदिस्त न्हाणीघर, नातीने खिडकीशेजारचा वरचा पलंग. मी दोनशे लिटरांची पाण्याची टाकी लिहिली, कारण नर्मदाकाठच्या माणसाला पाणी मोजून वापरण्याची सवय नाही. टाकी मागच्या पलंगाखाली घ्या, असेही सांगितले. त्याने फरशीवर खडूने आकृती काढली, मागच्या टोकाला दोनशे किलो लिहिले आणि शांतपणे म्हणाला, "साहब, गाड़ी उलार हो जाएगी."

आपल्या मराठीतला 'उलाळ' तो हाच! आजोबांच्या दमणीत मी मागे जाऊन बसलो की ते हाच शब्द उच्चारून मला पुढे ओढीत. ओझे मागे गेले की धुरा वर उचलते आणि बैलांचा गळा आवळतो. ओझे फार पुढे आले की जू मानेत रुतते. ट्रेलरचे शास्त्र निराळे नाही. एकंदर भाराचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडणीवर यावा, असा अमेरिकेतील ठोकताळा आहे. त्याहून कमी आला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागतो आणि पुढच्या मोटारीलाही फरफटवतो. उतारावर तर अधिकच. आमची वाट कुरईच्या घाटातून जाणारी. टाकी आसापाशी आली, आणि ती मुक्कामी पोहोचल्यावर भरायची, असे ठरले.

वातानुकूलकाचाही हिशेब झाला. बारा व्होल्टांची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण रिकामी केली तरी सव्वा युनिटही वीज मिळत नाही. दीड टनाचे यंत्र तेवढी तासाभरात सहज फस्त करते. समोरासमोर खिडक्या, जाळ्या आणि पंखा यांवर मी समाधानी आहे. चिरंजीव अद्याप नाहीत. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही वाहनच असल्यामुळे घराला घरक्रमांकाऐवजी नोंदणी-क्रमांक मिळणार, एवढ्यावर त्यांची करमणूक चालली आहे.

सौ.च्या यादीत तीनच ओळी होत्या. पायरी बुटकी हवी; गुडघे आता साथ देत नाहीत. देव्हारा पूर्वेला हवा. रस्ता वळला की पूर्व कोठे राहणार, हे तिला कोणी सांगावयाचे? तिसरी ओळ, दाराबाहेर चौघांना बसता येईल असे बाक.

बांधणारा म्हणाला, तीस किलो वाढतील, घडीच्या खुर्च्या घ्या. त्यावर ती म्हणाली, "घडीच्या खुर्चीवर पाहुणा बसत नाही, नुसता टेकतो. इतकी वर्षे आपणच लोकांच्या ओसरीवर जाऊन बसतो आहोत. आता गावातली चार माणसे आपल्याकडे येऊन बसू देत."

त्या बाकासाठी मी माझी टाकी दोनशेवरून एकशेवीस लिटरांवर आणली. गेल्या आठवड्यात आगाऊ रक्कमही भरली. माघात ट्रेलर मिळेल असे सांगतात. बाकाच्या लाकडाचा तुकडा मी सोबत आणला आहे. मला तो सागवान वाटतो, सौ.ला संशय आहे. आपल्यापैकी ज्यांना लाकडाची पारख असेल, त्यांनी दूध आटेपर्यंत तो जरूर पाहावा.