अरुणाताईंच्या वतीने बोलायचे कोणी?

(भिवंडी येथील व्याख्यान)



27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पाशवी अत्याचार झाला. साखळीने गळा आवळल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. उर्वरित आयुष्य त्यांनी त्याच रुग्णालयात खाटेवर काढले. त्यांना अन्न भरवणे थांबवावे, अशी याचिका लेखिका पिंकी विरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. हेतू करुणेचाच होता, याविषयी शंका नको. परंतु विरोध केला तो केईएमच्या परिचारिकांनी. वर्षानुवर्षे भरवणाऱ्यांनी, कूस बदलणाऱ्यांनी! 7 मार्च 2011 रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली आणि अरुणाताईंचे सुहृद म्हणून रुग्णालयाच्या सेवकवर्गालाच मानले. मात्र उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाटही त्याच निकालाने उघडली. अरुणाताई 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेल्या.

या चर्चेत सावरकरांच्या 1966 मधील प्रायोपवेशनाचा दाखला देतात. मला तो गैरलागू वाटतो. तात्यारावांनी निर्णय स्वतः, पूर्ण शुद्धीत घेतला होता.

9 मार्च 2018 च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. 2023 पासून त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची गरज उरली नाही; नोटरी वा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण येथल्या एखाद्या यंत्रमाग कामगाराचे कुटुंब अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले असते, तेव्हा निर्णय घेते ते रुग्णालयाचे बिल. पैसे संपले म्हणून नळी काढावी लागली, तर त्याला ‘सन्मानाने मृत्यू’ म्हणायला माझी जीभ धजत नाही.