बातमी घरात येते तेव्हा

(ज्येष्ठ नागरिक गटाच्या वतीने मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे, तेव्हा आम्ही फार वेळ घेणार नाही. कार्यकारिणीने आमच्या गटाला ‘ज्येष्ठांचे आरोग्य’ हा विषय दिला. रक्तदाब, मधुमेह आणि गुडघे यांवर दरवर्षी डॉक्टर मंडळी बोलतातच. म्हणून आम्ही वेगळी बाजू घेतली आहे. दिवसभर आपण ज्या बातम्या पाहतो, वाचतो आणि पुढे पाठवतो, त्यांचे आपल्या मनावर काय होते?

हा विषय आम्हाला पुस्तकातून सुचला नाही. आमच्या गटातल्या एक काकू रोज संध्याकाळी देवळात जात असत. पाय धड आहेत, रस्ता तोच आहे, पण आता त्या जात नाहीत. दुसऱ्या राज्यात कुणाची तरी सोनसाखळी खेचली, ती चित्रफीत टीव्हीवर दिवसभर फिरली, आणि काकूंचा रस्ता बंद झाला. एका आजोबांचा मुलगा कॅनडात आहे. तिकडची कसलीही बातमी आली की आजोबा वेळ-काळ न पाहता फोन लावतात. मुलगा आता दोन-दोन दिवस फोन उचलत नाही. तिसऱ्या एका घरात बाप-लेकांचे चॅनेल वेगळे, म्हणून जेवणाची वेळही वेगळी झाली. यातला कुठलाही आजार लॅबच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. पण माणूस घरात कोंडला जातो, एकटा पडतो, हे खरे आहे.

यावर अभ्यास झालेले आहेत. १९९७ साली इंग्लंडमधील दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांचे तीन गट करून प्रत्येकाला १४ मिनिटांचे बातमीपत्र दाखवले: एकाला वाईट बातम्यांचे, दुसऱ्याला साध्या, तिसऱ्याला चांगल्या. वाईट बातम्या पाहणारे जास्त उदास आणि चिंताग्रस्त झाले, हे कुणीही सांगेल. पुढचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. त्या लोकांना स्वतःच्या घरगुती काळज्याही मोठ्या वाटू लागल्या. त्या काळज्यांचा बातम्यांशी काही संबंध नव्हता. म्हणजे बातमी लांबच्या गावची, पण तिच्यामुळे आपल्या मुलीचे लग्न, आपली पेन्शन, आपला खोकला, सगळेच अवघड दिसू लागते.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात काही लोक रोज सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ त्याच बातम्या पाहत होते. संशोधकांना असे आढळले की त्यांचा ताण प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त होता. ऐकायला विचित्र वाटते, पण विचार केला की पटते. जो तिथे होता, त्याने ते दृश्य एकदा पाहिले. टीव्हीपुढे बसलेल्याला ते पुन्हा पुन्हा दाखवले गेले. धोका दिसला की आपले शरीर पळायला किंवा लढायला तयार होते. छाती धडधडते, अंग ताठते. पण सोफ्यावर बसून पळायचे कुठे आणि लढायचे कुणाशी? ती तयारी अंगातच राहते आणि रात्री झोप उडवते.

मग बातम्या बंदच कराव्यात का? पुष्कळ लोक तसे करू लागले आहेत. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या अहवालात अनेक देशांत मिळून ३९ टक्के लोकांनी आपण कधी कधी किंवा बऱ्याचदा बातम्या टाळतो, असे सांगितले. २०१७ मध्ये हे प्रमाण २९ टक्के होते.

आम्हाला मात्र हा उपाय मान्य नाही. आपण वडोदऱ्याची माणसे आहोत. २०२४ च्या ऑगस्टअखेरीचा पूर आपण विसरलेलो नाही. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, वस्त्यांत पाणी शिरले आणि पाण्याबरोबर मगरीही आल्या. त्या दिवसांत बातमीनेच माणसे वाचवली. आजवा धरणाची पातळी किती, काळा घोडा पुलाजवळ नदी किती फुटांवर, कुठला पूल बंद, एवढे कळले की माणूस तांदळाचा डबा माळ्यावर ठेवतो, स्कूटर उंचावर नेतो, शेजारच्या आजींना वरच्या मजल्यावर आणतो. त्याच वेळी पुण्या-मुंबईचे नातेवाईक मगरींचे व्हिडिओ पाहून हवालदिल झाले होते. पूर एकच होता. आपल्याला त्या बातमीवर काही करता येत होते, त्यांना काहीच करता येत नव्हते. आमच्या मते सगळे मर्म इथे आहे. जी बातमी हाताला काम देते ती मनाला फारशी जाळत नाही. जी नुसती बघत बसायला लावते, ती जाळते.

शिवाय हा उत्सव सार्वजनिक करण्यासाठी १८९३ पासून ज्यांनी जिवाचे रान केले, ते लोकमान्य संपादक होते. १८८१ साली ‘केसरी’ काढणाऱ्यांत ते होते. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले, राज्यात गावोगावी वाचनालये उभी केली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. वाचनालयात वर्तमानपत्र चारचौघांत वाचले जाई. कुणी वाचे, कुणी शंका काढी, कुणी ‘असं होणार नाही हो’ म्हणे. बातमी चार माणसांत वाटली जाई. आता ती रात्री अकरा वाजता पांघरुणात, एकट्याच्या डोळ्यांपुढे येते, आणि शंका काढायला शेजारी कुणी नसते.

म्हणून आमच्या गटाने श्रावणात काही साधे नियम करून पाहिले. ते सांगतो.

पहिला, बातम्यांना जेवणासारखी वेळ. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मार्च २०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेनेही दिवसातून एक-दोनदा, ठरल्या वेळी माहिती घ्या, असाच सल्ला दिला होता. पूर, वादळ असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा, शक्य तिथे पाहण्याऐवजी वाचणे. छापील बातमी एकदा वाचली की संपते, चित्रफीत पुन्हा पुन्हा सुरू होते.

तिसरा, प्रत्येक बातमीला दोन प्रश्न: हे कुठले आणि कधीचे? यावर आज मी काय करू शकतो? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ती पुढे पाठवायची नाही. आपली भीती दुसऱ्याच्या फोनवर ढकलल्याने कमी होत नाही.

चौथा, ताटावर बातमी नाही.

यातून चमत्कार झाला, असे आम्ही म्हणत नाही. काहींची झोप सुधारली, काहींना पहिला आठवडा चुकल्या-चुकल्यासारखे झाले. ज्यांना फार दिवस झोप नाही, छातीत धडधड आहे, त्यांनी डॉक्टरांनाच दाखवावे. काकूंना कुणी ‘घाबरू नका’ असे सांगत बसले नाही. गटातल्या दोघी त्यांना घेऊन देवळात जाऊ लागल्या आहेत, आठवड्यातून दोनदा. आजोबा रविवारी ठरलेल्या वेळी मुलाशी बोलतात, आणि बोलण्यात बातम्या नसतात. बाप-लेकांचे अजून जमलेले नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. पावसाळ्यात मंडळाच्या ग्रुपवर पाण्याच्या पातळीची माहिती एकाच जबाबदार कार्यकर्त्याने, अधिकृत ठिकाणाहून तपासून टाकावी, बाकीच्यांनी त्या दिवसांत ग्रुप मोकळा ठेवावा. आणि मंडळाच्या खोलीत रोज सकाळी तासभर वर्तमानपत्र एकत्र वाचायला जागा द्यावी. चहा आमच्याकडून.

गणपती बाप्पा मोरया!