वात पेटली म्हणून मध खरा नव्हे
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मध खरा का खोटा, कसं ओळखायचं? आपल्यातला कोणीही सांगेल, कापसाची वात बुडवा आणि पेटवा. पेटली तर मध खरा. पण वात पेटते ती मधात पाणी कमी असलं म्हणून. साखरेच्या घट्ट पाकातही ती पेटते. म्हणजे या परीक्षेत चोर पास!

प्रयोगशाळेत काय करतात ते आपल्याच शेतावरून समजून घ्या. हवेतला कार्बन हलका असतो, तसा थोडा किंचित जडही असतो. ज्वारी, मका, ऊस हा जड कार्बन तुलनेने जास्त घेतात. पऱ्हाटी, तूर, करडई कमी घेतात. मधमाशी ज्वारीवर येते ती परागासाठी. मधाचा रस तिला मिळतो दुसऱ्या गटातल्या फुलांतून. मधात उसाचा किंवा मक्याचा पाक ओतला की जड कार्बन वाढतो. मधात थोडं प्रथिनही असतं, ते पाकात नसतं. ते वेगळं काढून त्याच्याशी ताळा घेतात. ही परकी साखर शेकडा 7 च्या वर गेली की माल नापास.

भेसळवाला गप्प बसला का? त्याने ऊस सोडला आणि तांदळाचा पाक धरला. धान पऱ्हाटीच्याच गटातलं, म्हणून ही चाचणी फसते.

2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 13 ब्रँडचा मध तपासून घेतला. देशातल्या चाचण्यांत बहुतेक मोठे ब्रँड पास झाले. जर्मनीत एनएमआर यंत्रावर, म्हणजे मधाचा पूर्ण रासायनिक ठसा घेणाऱ्या यंत्रावर, टिकले फक्त 3. मोठ्या कंपन्यांनी आरोप नाकारले. पण अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी हीच चाचणी सरकारने त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून सक्तीची केली होती. परदेशी गिऱ्हाईकाला एक माप, देशातल्याला दुसरं!

यात मरतो कोण? पेट्या राखणारा. पाकाच्या भावात मध विकला गेला तर त्याचा खर्चही निघत नाही.

आणखी एक धोका आहे. यंत्र हा ठसा खऱ्या मधाच्या साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतं. आपल्या रानातल्या मधाचा नमुना तिथे नसेल, तर खरा मालही संशयात सापडेल. म्हणून नुसती तपासणी मागू नका. आपल्या कोरडवाहू भागातल्या मधाचे नमुने त्यात घ्या, असंही मागा. माप ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात. काट्यावर कापूस घातलेल्याला हे मी वेगळं सांगायला नको.