आबांची वही

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही चार नातवंडं. उभा एकजण आहे, पण बोलणं चौघांचं आहे. आमचे आबा, म्हणजे आमचे आजोबा, माघ महिन्यात गेले. वय नव्वदीच्या पुढं होतं. शेवटच्या पोळ्यापर्यंत बैलांच्या शिंगांना रंग त्यांनीच लावला. अशा माणसासाठी रडायचं नसतं म्हणतात. आम्ही रडलो.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. जमीन काळी, सगळी कोरडवाहू. खरिपात कापूस, रब्बीत ज्वारी. आबा जन्मले निजामाच्या राज्यात. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला, तेव्हा ते मिसरूड फुटलेले पोर होते. त्याच सुमारास वडील गेले आणि तिफण त्यांच्या हाती आली. ती त्यांनी साठ वर्षं सोडली नाही.

गावात आबांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. 1972 चा दुष्काळ. रानात दाणा नाही, माणसं खडी फोडायला जातात, रेशनला लाल मिलो मिळतो. आबांच्या वाड्यात पेव होतं. मागल्या चांगल्या सालची ज्वारी त्यात होती. एके सकाळी आबांनी पेवाचं तोंड उघडलं, आतली कोंडलेली हवा जाऊ दिली आणि दुपारी स्वतः दोर धरून खाली उतरले. पाच पोती ज्वारी निघाली. घरापुरती ठेवून वाटतील असं आजीला वाटलं होतं. आबांनी आधी वाटली आणि उरली ती घरात घेतली. पायलीनं मापून दिली. कोणाच्या दारात पोचवली, कोणाला आजीच्या हातून दिली, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जायला नको.

आबा गेल्यावर लाकडी पेटीत त्यांची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, दोरा सुटलेली. खरं सांगतो, ती पाहून आमच्या मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता. आमच्यावर सोसायटीचं कर्ज आहे. आबांनी आयुष्यभर लोकांना दिलं, ते यात लिहिलेलं असेल, कोणाकडून काही यायचं असेल, असं आम्हाला वाटलं.

वही उघडली. पहिलं पान हाली रुपयांतलं. आम्ही 1972 चं पान शोधलं. त्यात ज्वारी दिल्याचा एक शब्द नाही. सगळी वही चाळली. दिलेल्याची एकही नोंद नाही. नोंदी होत्या त्या घेतलेल्याच्या. बैल बसला, खालच्या आळीचा बैल पाच दिवस पेरणीला आणला. पुढं लिहिलेलं, 'पाच दिवस कोळपणी करून दिली, फिटलं'. विहिरीवर सुगीभर पाणी भरू दिलं, 'दोन भार कडबा, फिटलं'. एका ओळीला आम्ही थांबलो. आमच्या वडिलांच्या जन्माची रात्र, सुईण पावसात नाला ओलांडून आली होती. पुढं लिहिलंय, 'फिटलं नाही'.

अशा 'फिटलं नाही'च्या अकरा ओळी आहेत.

काही जण आम्हाला म्हणाले, तुमच्या म्हाताऱ्यानं हात सैल ठेवला म्हणून घर कर्जात गेलं. आम्ही हिशेब केला. बहात्तरची पाच पोती 2024-25 च्या मालदांडीच्या हमीभावानं, म्हणजे 3,421 रुपयांनी, 17,105 रुपयांची होतात. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता 7,521. आम्हाला देणेकऱ्यांची घाई, म्हणून तीस क्विंटल कापूस दारातच 6,900 नं घातला. क्विंटलमागं 621 गेले, एकूण 18,630. आबांनी दुष्काळात अर्ध्या गावाला जेवढं दिलं, त्याहून जास्त आम्ही एका दुपारी वजनकाट्यावर सोडून आलो. तेव्हा देण्यानं घर बुडालं असं कोणी म्हणू नये. घर कशानं बुडतं ते इथं बसलेल्यांना सांगायला नको.

आता शेवटचं, आणि तेच सांगायला आलो आहोत.

आमचा धाकटा भाऊ त्या कर्जापायी चार महिने कोणाशी धड बोलत नव्हता. ताटावरून उठायचा. आम्हाला भीती वाटायची, रात्री आळीपाळीनं जागायचो. वही त्यानंच पूर्ण वाचली. वाचून म्हणाला, "आबांनी इतकं मागून घेतलं? आबांनी?" त्या रात्री त्यानं पहिल्यांदा सगळा आकडा आमच्यासमोर सांगितला. आकडा मोठाच आहे. पण आता तो चौघांचा आहे.

आबांना आपण दाता म्हणून ओळखत होतो. ते घेणारेही होते आणि घेतल्याची त्यांना लाज नव्हती. आपल्या रानात पाऊस धुऱ्याच्या एका बाजूला पडतो, दुसऱ्या बाजूला पडत नाही. आज मी, उद्या तू. मागायला लाजणारा माणूस एकटा पडतो आणि एकटं पडलेल्याचं काय होतं ते आपण गावोगाव पाहिलं आहे.

तेराव्याला कर्ज काढू नका, असं आबा सांगून गेले होते. आम्ही काढलं नाही. पिठलं-भाकरी केली. मग वही घेऊन त्या अकरा घरी गेलो, पायली-पायली ज्वारी दिली. सुईणीचा नातू म्हणाला, "आजी असती तर घेतली नसती." आम्ही म्हणालो, "घ्या, आबांची वही उघडी आहे."

त्यानं घेतली. आम्ही त्या ओळीपुढं अजून काही लिहिलेलं नाही. ते फिटणारं नाही, आणि न फिटलेलंच बरं.

भावांनो, घरी गेल्यावर एक करा. शेजाऱ्याला विचारा, किती देणं आहे? आणि त्यानं विचारलं तर खरं सांगा.