पाठ्यपुस्तकातील लढाया

(संस्थेच्या अभ्यासिकेत विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



लढायांचा इतिहास शाळेत शिकवला जातो तो बहुधा सनावळी आणि तहाची कलमे यांच्या रूपाने. कोण लढले, कोणासाठी लढले, हरलेल्यांचे पुढे काय झाले, हे परीक्षेत फारसे येत नाही. हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. जपानमध्ये साबुरो इएनागा या इतिहासकारांनी शालेय पुस्तकात जपानी सैन्याच्या अत्याचारांविषयी लिहिले. शिक्षण खात्याने मजकूर बदलायला लावला. इएनागा १९६५ साली कोर्टात गेले आणि त्यांच्या शेवटच्या दाव्याचा निकाल १९९७ मध्ये लागला. बत्तीस वर्षे! उलट फ्रान्स आणि जर्मनी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी. त्यांनी २००६ मध्ये दोन्ही देशांत चालेल असे इतिहासाचे एकच पुस्तक काढले. ही मागणी २००३ मध्ये दोन्हीकडच्या शाळकरी मुलांनी केली होती, हे येथे बसलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. होळकरांशी तह झाल्यावर तो इंग्रजांच्या ताब्यात जायचा होता. फेब्रुवारी १८१८ मध्ये दरवाजाशी झटापट होऊन काही इंग्रज अधिकारी पडले. मग सेनापती हिस्लॉपच्या फौजेने शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदाराला फाशी दिले. विलायतेच्या पार्लमेंटातही यावर टीका झाली. आम्ही शाळेत असताना मात्र थाळनेरचे नावही कानी पडले नाही.

त्याच साली १ जानेवारीला भीमा कोरेगावची लढाई झाली. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभाला भेट द्यायला गेले, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. पण वर्गात एखादा मुलगा विचारतो, "तुमचे लोक इंग्रजांकडून का लढले?" तेव्हा आपली मुले एकतर गप्प बसतात, नाहीतर चिडतात. आमच्या मते दोन्ही नको. कंपनीच्या त्या पलटणीत महारांबरोबर मराठे, रजपूत, मुसलमानही होते. पेशव्यांच्या बाजूने गावात शिरून लढले त्यांत अरबांचा भरणा मोठा होता. आजच्या अर्थाने देश विरुद्ध परदेश अशी ती फळी नव्हती. पेशवाईत माणूसपण नाकारलेल्याला शिपाईगिरीत पगार आणि मान मिळत होता, हे सरळ सांगावे.

पण पुढचेही सांगावे, कारण आपल्या भाषणांतून तेच राहून जाते. ज्या सरकारने स्तंभ उभारला, त्याच सरकारने १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ मध्ये अर्ज करावा लागला. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये मोडलीही. गरज सरो वैद्य मरो! दुसऱ्या युद्धात, १९४१ साली, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे.

सम्राट अशोकाचेच पाहा. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख बंदी झाली, हे त्याने तेराव्या शिलालेखात स्वतः कोरवले. जिंकलेल्या राजाने असा हिशेब देणे जगात दुर्मिळच. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख नाही. तेथे त्याऐवजी प्रजेला लेकरांसारखे वागवा, कोणाला विनाकारण कोंडू नका, असे अधिकाऱ्यांना बजावणारे वेगळे लेख आहेत. जखम उघडी करायची नव्हती, की लाज वाटली? अभ्यासकांनी तर्क केले आहेत, पण दगड त्याबाबत बोलत नाही. सम्राटाचे आपण उपासक असलो तरी हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

शालेय पुस्तकात सिद्धार्थाने वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडले, एवढेच असते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी होऊ घातलेल्या युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध हे कारण मांडले आहे. येत्या रविवारी अभ्यासिकेत तो भाग वाचायचा आहे. विद्यार्थ्यांनी आपापले इतिहासाचे पुस्तक सोबत आणावे.

जयभीम!